आधी तूच जरा माणसाळ की

राळ्या घरी आला तो ८ जूनचा रविवार. दुकानदाराने त्याला बुटाच्या खोक्यात घातलं, खोक्याला पेनाने चार भोकं पाडली आणि विचारलं, "पंख कापून देऊ काय ताई? लगेच हातावर बसतंय. उडून जायची भानगडच नाही." मी नको म्हटलं. का नको, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. खोकं पोटाशी धरून रिक्षात बसले. राजारामपुरीतली आमची गल्ली येईपर्यंत आतून एकही आवाज आला नाही. मेलं की काय, या भीतीने मी दोनदा भोकातून पाहिलं. दोन्ही वेळा आतून एक काळा डोळा माझ्याकडेच बघत होता.

पक्ष्याचं नाव कॉकटील. दुकानात सगळे 'कॉकटेल' म्हणतात, त्यामुळे "पोरीनं घरात कॉकटेल आणलंय" अशी बातमी गल्लीत दोन दिवस फिरत होती. राखाडी अंग, पंखांवर पांढरा पट्टा, गालावर केशरी ठिपका, डोक्यावर तुरा. शेपटीसकट फूटभर लांब, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. काकाकुवाच्या कुळातला हा सगळ्यात लहान पक्षी, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे तो पाऊस आणि बिया शोधत थव्याने भटकतो. ऑस्ट्रेलियाने आपले पक्षी विक्रीसाठी बाहेर पाठवणं १९६०च्या सुमारास बंद केलं. म्हणजे आज आपल्याकडे दिसणारे कॉकटील हे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले.

आपला देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बऱ्याच विदेशी पक्ष्यांची २०२४च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉकटील 'साइट्स'च्या याद्यांमध्ये नाही, म्हणून त्याला ती लागत नाही. हे सगळं मी पक्षी आणण्याआधीच वाचून काढलं होतं. सॉफ्टवेअरवाली आहे, आधी डॉक्युमेंटेशन वाचायची सवय.

पक्षी मी आणला, पण निमित्त पप्पांचं होतं.

पप्पा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर होते. फर्स्ट शिफ्ट संपवून चारच्या सुमारास यायचे, खाली स्कूटर लावायचे आणि दोन सुरांची एक शीळ घालायचे. ती ऐकली की आई चहाचं आधण ठेवायची. ते दोन जिने चढून वर येईपर्यंत चहा उकळलेला असायचा. माझ्या लहानपणीचं आमच्या घरातलं घड्याळ म्हणजे ती शीळ.

जानेवारी २०२४मध्ये त्यांना स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. तीच बाजू शरीराचा उजवा भाग चालवते आणि बहुतेक माणसांची भाषाही तिथेच असते. त्यामुळे उजवा हात गेला, पाय अर्धा परत आला आणि बोलणं गेलं. याला वाचाघात म्हणतात. समजतं सगळं. पेपरातल्या बातमीवर मान हलवतात, आईने हिशेबात चूक केली की भुवई वर जाते. पण तोंडातून शब्द एकच येतो, "तेच." पाणी हवं असलं तरी तेच, राग आला तरी तेच. १८६१मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरकडे असाच एक रुग्ण होता. तो फक्त 'टॅन' म्हणू शकायचा. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला आणि बोलणं डोक्यात कुठून येतं याचा पहिला ठोस पुरावा मिळाला. हे मी पप्पांना वाचून दाखवलं होतं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तेच."

मी पुण्याची खोली सोडली, घरून काम मागून घेतलं आणि मला जे येतं ते केलं. ॲप बनवलं. चित्रांची ४८ बटणं. बटण दाबलं की माझ्या आवाजात वाक्य ऐकू येतं. पप्पांनी चहाचं बटण दाबलं. फोनमधून मी म्हणाले, "मला चहा हवा आहे." त्यांनी फोन पालथा ठेवला. नंतर मी फोन घेऊन जवळ गेले की ते खिडकीकडे तोंड करायचे.

मग उरलं अंदाज बांधणं. पप्पांनी "ते..." म्हणायच्या आत आई आणि मी सुरू व्हायचो. पाणी? टीव्ही? पंखा? बाथरूम? माणसासमोर दोन ऑटोकम्प्लीट बसवल्यासारखं. शेवटी ते कशालाही हो म्हणून हात झटकायचे. स्पीच थेरपिस्टने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ते बोलायला लागले की मनात दहा आकडे मोजा. मध्ये शब्द देऊ नका." मी कधी चारच्या पुढे गेले नाही.

पप्पा दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या तारेवरची कबुतरं बघायचे. घरात काहीतरी जिवंत, हलतं असावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पिंजरा त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवला.

माणसाळवायचा मी रीतसर प्लॅन केला. एक्सेलची शीट, तारीख, अंतर किती फूट, तुरा कसा. कॉकटीलचं मन तुऱ्यावर दिसतं. ताठ उभा म्हणजे घाबरलाय किंवा सावध आहे. डोक्याला चिकटलेला आणि वर फुस्कारा म्हणजे चिडलाय. अर्धवट मागे कललेला म्हणजे ठीक चाललंय. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जो समोरून दोन्ही डोळे रोखून बघतो तो शिकारी, हे त्याला अंड्यातून येतानाच ठाऊक असतं. म्हणून तिरकं बसायचं, वरून हात न्यायचा नाही, कारण वरून ससाणा येतो. छताचा पंखा बंद केल्याशिवाय पिंजरा उघडायचा नाही. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या धुराने पक्षी मरतात, म्हणून मी डोशाचा तवा माळ्यावर टाकला. आईने बिडाचा तवा काढला आणि म्हणाली, "माझ्या सासूला जमलं नाही ते या पाखरानं केलं."

नाव तिनेच ठेवलं. बाजारातून मी राळे आणले होते. ते बघून तिला माहेरचा राळ्याचा भात आठवला. पाखरू दुसरं काही तोंडात घेईना, फक्त राळे. म्हणून राळ्या.

दहा दिवस झाले तरी शीटमधलं अंतर सहा फुटांच्या आत येईना. मी जवळ गेले की राळ्या पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, तुरा ताठ. बाराव्या दिवशी मी घाई करून आत हात घातला आणि त्याने बोट फोडलं. आईने हळद लावता लावता ऐकवलं, "ते तुला घाबरतंय आणि तू त्याला माणसाळवायला निघालीयस. दिवसभर कानाला ते लावून बसतीस, जेवायला हाक मारली तर ओ देत नाहीस. आधी तूच जरा माणसाळ की."

माझा मामेभाऊ गच्चीवर कबुतरं पाळतो. त्याचा सल्ला सोपा होता. "दोन दिवस उपाशी ठेव. आपोआप हातावर येतंय." वर त्याने कोल्हापूरचाच दाखला दिला. संस्थानकाळात इथे शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते, आफ्रिकेतून आणलेले. चित्तेवान त्यांच्या डोळ्यांवर टोपी चढवून गाडीवरून रानात न्यायचे. हरणं दिसली की टोपी काढायची. शिकार झाली की मांसाचा वाटा द्यायचा आणि पुन्हा टोपी. "एवढा चित्ता ऐकायचा," भाऊ म्हणाला, "तुझं पाखरू काय घेऊन बसलीस?"

मला पटलं, हे कबूल करते. एका सकाळी मी वाटी काढून घेतली. दुपारपर्यंत थांबू, मग हातातून देऊ. कॉलवर असताना मागे काठीचा आवाज आला. पप्पा उठले होते. डाव्या हाताने डब्यातून मूठभर राळे घेतले, पिंजऱ्याचं दार कोपराने ढकललं आणि आत टाकले. निम्मे खाली सांडले. माझ्याकडे न बघता ते परत खुर्चीत बसले. मी कॉलवर "यू आर ऑन म्यूट" ऐकत राहिले.

त्याच आठवड्यात पप्पांनी कानाकडे बोट दाखवायला सुरुवात केली. मी पिंजऱ्याजवळ गेले की स्वतःचा कान, मग मी, मग पुन्हा कान. "तेच. तेच."

"कान दुखतोय?" मी.

"ऐकू येईना काय?" आई.

हात झटकला. म्हणजे हो, असं आम्ही धरलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन जिने उतरवून, रिक्षात बसवून, तासभर नंबर लावून. डॉक्टरांनी मळ काढला आणि कान उत्तम असल्याचं सांगितलं. घरी आल्या आल्या पप्पांनी पुन्हा कानाला हात लावला.

मी दमले होते. विचारायला शब्दच उरले नव्हते, म्हणून गप्प त्यांच्यासमोर बसले. मनात आकडे मोजत होते असंही नाही. बराच वेळ गेला. मग पप्पा पुढे झुकले, माझ्या गळ्यात अडकवलेला हेडफोन डाव्या हाताने काढला आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर लावला. "तेच," ते म्हणाले आणि राळ्याकडे बघितलं.

काळा, मोठा, माइकची दांडी पुढे आलेला हेडफोन. दोन कॉलच्या मध्ये राळे द्यायला जाताना मी तो कधी डोक्यावर, कधी गळ्यात तसाच ठेवून जायचे. राळ्याच्या दृष्टीने रोज एक वेगळंच जनावर त्याच्या पिंजऱ्याशी येत होतं. माझ्या शीटमध्ये वीस रकाने होते, त्यात हा नव्हता. पप्पा दिवसभर शेजारी बसून बघत होते. त्यांना आठवडाभर माहीत होतं. त्यांना सांगायचं होतं तेव्हा मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोनशिवाय, तिरकी बसून राळ्याचं कणीस गजांतून आत धरलं. सात-आठ मिनिटं काही झालं नाही. मग तो दांडीवरून एकेक पाऊल सरकत आला, मान लांब केली, एक दाणा तोडला आणि मागे पळाला. मग परत आला. मी मान वळवून पप्पांकडे बघितलं नाही. बघायची फार इच्छा होती.

जुलैमध्ये तो बाहेर येऊ लागला. माझ्या बोटावर चढायचा, पण दोन सेकंदांत उडायचा. मी हात स्थिर ठेवायचा प्रयत्न करायचे आणि तो तेवढाच थरथरायचा. एक दिवस तो खोलीत एक फेरी मारून पप्पांच्या उजव्या हातावर उतरला. स्ट्रोकनंतर पप्पा तो हात पंचाखाली झाकून ठेवतात. राळ्याने पंचाचं टोक चोचीत धरून ओढलं. पप्पांनी डाव्या हाताने पंचा सावकाश बाजूला केला. घरातला सगळ्यात स्थिर हात तोच होता. राळ्या त्या मुडपलेल्या बोटांवर बसला, एक पाय पोटात घेतला आणि चोच घासत राहिला. कॉकटील झोपेला आले की असं करतात. त्या दिवसापासून तो हात झाकलेला मी क्वचित पाहिलाय.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. राजारामपुरीतली आगमनाची मिरवणूक बघायला निम्मं कोल्हापूर येतं. डॉल्बी, लेसर, माणसांचा पूर. कॉलेजात असताना मीही याच रस्त्यावर घसा बसेपर्यंत नाचलेय, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. घरच्या गणपतीची आरती झाली. पप्पांनी ती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हटली. वाचाघातात हे होतं. आकडे, आरत्या, पाठ गाणी, शिव्यासुद्धा अनेकदा शाबूत राहतात, त्या वेगळ्या वाटेने येतात. माहीत असूनही आई दरवेळी पदराने डोळे टिपते.

राळ्याचा पिंजरा आम्ही आतल्या खोलीत नेला, खिडकीला गोधडी लावली, झिरोचा दिवा चालू ठेवला. कॉकटील अंधारात दचकले की आंधळ्यासारखे फडफडतात, हे वाचलं होतं. साडेनऊच्या सुमारास रस्त्यावरून बेसचा एक असा दणका आला की कपाटातले डबे वाजले. नेमकी तेव्हाच वीज गेली. अंधारात पिंजरा जमिनीवर आपटल्यासारखा आवाज यायला लागला. मी मोबाइलचा टॉर्च लावला तर भिंतीवर रक्ताचे शिंतोडे.

नवीन येणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असतं. ती तुटली तर एवढ्याशा जिवाला ते परवडत नाही. ऐंशी दिवस मी त्याला एकदाही पकडलं नव्हतं. त्या रात्री मी पिंजरा उघडला, टॉवेल टाकला आणि त्याला गच्च धरलं. तो किंचाळला. आईने कॉर्नफ्लॉवर आणलं, मी चिमूट जखमेवर दाबून धरली. पाच मिनिटं. तो टॉवेलमधून माझा अंगठा चावत होता आणि मी "झालं, झालं" म्हणत होते, कुणाला ते माहीत नाही. रक्त थांबलं. पिंजऱ्यात सोडल्यावर तो तळाशी बसून तोंड उघडं ठेवून धापा टाकत राहिला. मी जवळ गेले की तुरा डोक्याला चिकटायचा.

पप्पा काठी टेकत आले आणि पिंजऱ्याशेजारी पलंगावर बसले. बाहेर दणके चालूच होते. मग मला हवेचा आवाज ऐकू आला. पप्पांनी ओठ गोल केले होते. उजवी बाजू अजून पूर्ण वळत नाही, तिथून नुसता वारा जात होता. फुस्स. पुन्हा फुस्स. चौथ्या-पाचव्या वेळी त्या वाऱ्यातून दोन सूर आले, कच्चे, पण तेच. खालून स्कूटर लावून घालायचे ते. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बसले. मिरवणूक संपेपर्यंत ते आत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखम बघितली, बरी होईल म्हणाले. राळ्या मात्र माझ्यासाठी पुन्हा सहा फुटांवर गेला होता. या वेळी मी शीट उघडली नाही. रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायचे, कणीस शेजारी ठेवायचे आणि उठून जायचे. नवव्या दिवशी पाठीवर काहीतरी उतरलं आणि नखं रुतवत खांद्यापर्यंत चढलं. मी हलले नाही. कपातला चहा गार झाला.

पप्पांचं बोलणं सुधारलं का, असं सगळे विचारतात. थोडं. "नको", "बस", "आलो" आणि आईचं नाव, एवढे शब्द बऱ्याचदा जागेवर येतात. राळ्याला मात्र ते अजून 'तेच'च म्हणतात. मी ॲपमधली माझी वाक्यं काढून टाकली, नुसती चित्रं ठेवली. आता पप्पा ते अधूनमधून वापरतात. मी सातपर्यंत मोजू शकते. आई पाचच्या पुढे जात नाही, पण ती म्हणते पस्तीस वर्षांच्या संसारात तिला पाच पुरतात.

नोव्हेंबरपर्यंत राळ्याची पिसं बदलली. लहानपणी नर-मादी सारखेच दिसतात. पहिल्यांदा पिसं झडल्यावर नराचा चेहरा पिवळाधमक होतो. राळ्याचा झाला. नर शीळ घालायला शिकतात, म्हणून मी महिनाभर त्याला रोज फोनवरून एकच धून ऐकवत होते. त्याने ती कधी उचलली नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी मी कॉलवर होते, हेडफोन न लावता, आवाज बारीक ठेवून. चारचा सुमार. बाहेरच्या खोलीतून शीळ आली. आधी फुस्स असा वारा, मग दोन सूर. वाऱ्यासकट, अगदी तशीच.

स्वयंपाकघरात पातेलं ठेवल्याचा आवाज आला, मग गॅसचा. दहा मिनिटांनी आई तीन कप घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. पप्पा खुर्चीत नव्हते, बाथरूममध्ये होते. खुर्चीच्या पाठीवर राळ्या बसला होता. तुरा अर्धवट कलवून त्याने तिच्याकडे बघत पुन्हा शीळ घातली.

पप्पा काठी टेकत बाहेर आले, कप बघितले, राळ्याला बघितलं आणि खांदे हलेपर्यंत हसत राहिले. आईने एक कप त्यांच्या डाव्या हातात दिला.

"बघताय काय?" ती म्हणाली. "आता ठेवलाय तर प्या की."